पाठ चोळणारी ओहारू

एकदा काय झालं, जपान नावाच्या लांबच्या देशात, डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. तिथं चुलीशिवाय, जमिनीतूनच कढत पाणी यायचं. लांबलांबची माणसं त्यात बसून अंग शेकायला यायची. कुशा, पाय आत घे बघू पांघरुणात.

तिथं ओहारू नावाची म्हातारी होती. आलेल्या बायकांच्या पाठी चोळून देणं, हेच तिचं काम. मग एक दिवस ती मेली. मेली, पण सवय काही गेली नाही बरं का! घाबरू नका, माणसाला धरणारं भूत नव्हतं ते. रोज संध्याकाळी कुंडाच्या काठी बसायची आणि विचारायची, "पाठ चोळू का, बाई?"

एक जाडी बाई आली. तिला ऐकूच गेलं नाही. मग एक नवी नवरी आली. ती तर ओहारूच्या आरपार चालत गेली. मग एक आजी आली, नातवंडं घेऊन. तिला ओहारूनं विचारलंच नाही. त्यांचं आपापसांत हसणं चाललं होतं ना. फार एकटी होती बिचारी.

मग आपल्या इकडची द्वारकाबाई तिथं आली. तिचे गुडघे धरलेले, म्हणून मुलानं आणलं, आणि नोकरी आहे म्हणून तिला ठेवून शहरात परत गेला. तिथं सगळ्यांना सुती झगा देतात. डावी बाजू वर, उजवी खाली. उलटा घालतात तो फक्त मेलेल्या माणसाला. द्वारकाबाईचा जन्म गेला नऊवारीत, आणि सांगायला जवळ कोण? तिनं घातला उलटा.

ओहारूला वाटलं, ही आपल्यातलीच. "पाठ चोळू का, बाई?"

"चोळ की गं," द्वारकाबाई म्हणाली. "आई गेल्यापासून कुणी हात लावला नाही पाठीला."

भाषा कशी कळली म्हणता? गोष्टीत कळते. मध्ये बोलायचं नाही.

मग ओहारूनं पाठीवर हात ठेवला, तर आत काळीज धडधडत होतं. ही तर जिवंत! पण झगा उलटा आहे, हे ओहारूनं तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर पुन्हा एकटी. एक संध्याकाळ गेली, दुसरी गेली. दोघी पोटभर बोलल्या, हसल्या.

तिथं असं होतं, की उलट्या झग्याच्या माणसाला तिसऱ्या संध्याकाळी धुकं न्यायला येतं. तिसऱ्या संध्याकाळी ते डोंगरावरून उतरू लागलं. ओहारूनं एकदा धुक्याकडे पाहिलं, एकदा द्वारकाबाईकडे. तिला रडू आलं. मग तिनं उठून द्वारकाबाईचा झगा सोडला, डावी बाजू वर घेतली आणि पट्टा घट्ट बांधला.

"घरी जा, बाई. तुझा मुलगा येईल."

द्वारकाबाईनं वर पाहिलं, तर काठावर कोणीच नाही. धुकं आलं तसं निघून गेलं.

दुसऱ्या दिवशी मुलगा आला. आईला घरी घेऊन गेला, आणि दोघं सुखानं राहिली. पण द्वारकाबाई दरवर्षी तिथं जायची. कुंडात काठाकडे पाठ करून बसायची आणि म्हणायची, "ओहारू, चोळ गं." दिसायचं कोणी नाही. पाठ मात्र लालबुंद व्हायची.

चला, वळा कुशीवर. चोळते पाठ एकेकाची.

माझी? माझी कशाला रे... बरं, चोळ. जरा वर. हं, तिथंच. आता झोप, राजा.