पाच स्पीकरांतली हाक

"…पण माय, मागून आवाज पोकळ का येतो?"

हे विचारायला विश्राम धोपटे मठात आला होता. जत्रांना, नाटकांना स्पीकर लावणारा माणूस. कानाचा पक्का, आणि ते चारचौघांत स्वतःच सांगणारा. मठातल्या नर्मदामायकडं तो कैक वर्षं सल्ल्याला यायचा. ऐकायचा मात्र स्वतःला पटेल तेवढंच.

माय म्हणाली, खोली दाखव.

त्याच्या घरातली खोली ती केवढी! चौघं जेवायला बसली तर पाचव्यानं उभं राहावं. पौषात बायको गेली तशी त्यानं ती रिकामी केली. कॉट काढली, कपाट काढलं, लेकीचं अंथरूण स्वयंपाकघरात टाकलं. आवाज आदळून परत येऊ नये म्हणून भिंतींवर गोधड्या ठोकल्या. तीन स्पीकर पुढं, दोन मागं. मधोमध एकच खुर्ची.

मायला त्यानं खुर्चीत बसवलं आणि बजावलं, मान हलवायची नाही. वीतभर सरकलात तरी ती एका बाजूला जाते.

"कोण जाते?"

"सुमन."

त्यानं बटण दाबलं. मोबाइलमध्ये कधीतरी सापडलेला बायकोचा आवाज. भाकरी थापल्याची थापथाप, भांडं पडल्याचा खणखणाट, आणि मग पुढून, मागून, खोलीभर… "रेवा, ये गं जेवायला."

"आले गं आई."

दारात सात-आठ वर्षांची पोर. अंगावर नुसती हाडं. विश्रामनं तिला हातानंच थोपवलं. मायला समजावू लागला, की खोली लहान, कुणी मध्ये आलं की आवाज बिघडतो. आणि ही तर दर वेळी येतेच. ताटातलं ताटात राहतं, पण हाक आली की धावते.

गेलेल्याच्या हाकेला ओ देऊ नये, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि हा बाप हाक आणखी खरी कशी वाटेल ते विचारत होता.

माय उठली. "बंद कर."

त्यानं बंद केलं.

"आता तू हाक मार तिला."

पौषापासून त्यानं लेकीला नावानं हाक मारलीच नव्हती. खुणेवर भागवायचा. शेवटी घसा खाकरून म्हणाला, "रेवा."

पोरीनं मान वळवली. बापाकडं नाही. मागच्या कोपऱ्यातल्या स्पीकरकडं.

"इकडं बघ, रेवा… मी बोलतोय."

ती तिकडंच बघत राहिली. आणि त्या मुक्या स्पीकरला तिनं ओ दिली.

विश्राम भिंतीला टेकला. जत्रेतल्या हजारोंना ऐकवणारा माणूस. हळूच म्हणाला, माय, तुम्हीच बोलवा, तुमचं ऐकेल ती.

मायनं खुर्ची उचलून दाराबाहेर ठेवली आणि भुईवर मांडी घातली.

"ती वळेपर्यंत तूच हाक मार. मी बसलेय."