मूठभर जवळा

एका भूशिराच्या पलीकडे, उघड्या समुद्रावरच्या एका गावात धाकलू नावाचा नाखवा राहत होता. गावाचं पोट जवळ्यावर चाले. जवळा म्हणजे अगदी बारीक कोळंबी, नखाएवढी. ताजी खायची, उरेल ती वाळूवर सुकवून विकायची. पण दर वर्षी जवळा कमी होत चालला होता.

भूशिराच्या अलीकडे, खाडीच्या तोंडाशी दुसरं गाव होतं. तिथं जवळ्याला तोटा नव्हता. धाकलू होडी घेऊन तिथं गेला. चांगुणा नावाची म्हातारी जवळा सुकत घालत होती. जाळी कधी लावायची आणि कधी उचलायची, ते त्या गावात तीच सांगे.

"मावशी, तुमच्याकडे एवढा जवळा कसा?"

"त्याला पोरं होऊ देतो, म्हणून. होळी झाली की जाळी वर घेतो. पाडव्याला परत सोडतो. पण हे बघ..."

म्हातारीचं बोलणं संथ होतं. ती पुढं काही सांगणार, तोवर धाकलूचा एक पाय होडीत होता.

धाकलूच्या गावानंही होळीला जाळी वर घेतली. पंधरा दिवस चुली अर्ध्यावर ठेवल्या. पाडव्याला समुद्राला नारळ दिला आणि जाळी सोडली. पुढच्या तीन आठवड्यांत एवढा जवळा आला, की वाळवायला वाळू पुरेना. सगळे धाकलूला दुवा देत होते.

दुसऱ्या वर्षी तसंच केलं. जवळा निम्मा आला. तिसऱ्या वर्षी पाडव्याला जाळी सोडली, तर आठवडाभर नुसतं पाणी गाळलं गेलं.

धाकलू तणतणत खाडीवर गेला. "मावशी, फसवलंत आम्हाला! तुमच्याच दिवशी बंद, तुमच्याच दिवशी चालू. मग तुमच्याकडे आहे नि आमच्याकडे का नाही?"

चांगुणानं हातातली टोपली खाली ठेवली. "शेजारणीचे दिवस मोजून आपल्या लेकीचं बाळंतपण काढतात का रे? मला होडीत घे."

दोघं भूशिराला वळसा घालून धाकलूच्या समुद्रावर आली. त्याचा जोडीदार पोशा जाळं ओढत होता. आणि काय आश्चर्य, आज जाळं जड होतं. पोशा आनंदानं ओरडला, "नाखवा, आला रे जवळा!"

चांगुणानं पाण्यातल्या जाळ्यात हात घालून मूठभर जवळा उचलला. मूठ उघडून उन्हाकडे धरली. जवळ्याचं अंग काचेसारखं असतं. प्रत्येक कोळंबीच्या अंगातून अंड्यांची भरलेली रेघ दिसत होती.

"खाडीचं पाणी उथळ," ती म्हणाली. "लवकर तापतं. पिल्लांचं खाणं तिथं आधी तयार होतं, म्हणून तिथली आई आधी अंडी सोडते. तुझं पाणी खोल नि गार. इथली आई महिनाभर मागं आहे. तुझी जाळी बंद होती तेव्हा ती रिकामी होती. तू जाळी सोडलीस, तेव्हा ती भरली होती."

धाकलूचं तोंड उतरलं. पहिल्या वर्षी वाळूवर काय सुकवलं होतं, ते त्याला आता कळलं.

पोशा म्हणाला, "नाखवा, म्हातारीचं ऐकून पोरांना काय वाळू चारायची? आठ दिवसांनी आज जाळं भरलंय."

धाकलूनं भरल्या जाळ्याकडे बघितलं. त्याच्याही घरात तीन पोरं होती. मग तो वाकला. जाळं पाण्यातच होतं, जवळा जिवंत होता. त्यानं जाळ्याच्या शेपटाची गाठ सोडली. जवळा धुरासारखा पाण्यात पसरला आणि निघून गेला.

संध्याकाळी त्यानं गावाला सांगितलं, "चूक माझी. पुरतं ऐकून न घेता मी निघून आलो." गाव त्याला खूप बोललं. त्यानं ऐकून घेतलं.

पुढचे तीन आठवडे गावानं जाळी वर घेऊन, खडकांवरची कालवं खाऊन काढले. दर चार दिवसांनी खाडीकडून सुक्या जवळ्याची टोपली येई. ती कोणी मागितली नव्हती.

पुढच्या वर्षी धाकलू रोज पाण्यात हात घालून बघत होता. जवळ्याच्या अंगात रेघ दिसली, त्या दिवशी त्यानं जाळी उचलली. रेघ गेली, तेव्हा परत लावली. जवळा आला. भरपूर नव्हता, पण सगळ्यांना पुरला.

पहिली टोपली घेऊन धाकलू आणि पोशा खाडीवर गेले. टोपली चांगुणापुढं ठेवून धाकलू पाया पडला. पोशाही पडला, जरा लाजत.

चांगुणानं टोपलीतून मूठभर जवळा घेतला आणि बाकीची टोपली त्यांच्याकडे सरकवली.

"माझा एवढाच," ती म्हणाली. "दाखवायलाही एवढाच लागला होता. बाकीचा पोरांना घाल. आणि आभार मानायचे तर त्या बारक्या आईचे मान. ती दर वर्षी येते."

तात्पर्य: शिकावं दुसऱ्याकडून, पण बघावं आपल्या पाण्यात. जी आपल्याला पोसते तिची वेळ ओळखून थांबणं, हेच तिचे खरे आभार.