कुलपातल्या पेशी

“मरतात किती?”

मुजावर सरांनी हे दुसऱ्यांदा विचारलं. यशोधरा खांबेटेला वाटलं, म्हाताऱ्याला ऐकू कमी येतंय.

“एकही नाही, सर,” ती जरा मोठ्याने म्हणाली.

“ते मगाशीच ऐकलं…”

आणि त्यांनी तिने आणलेल्या पेशींच्या बशीसाठी हात पुढे केला.

डॉ. दस्तगीर मुजावर म्हणजे एके काळचा पेशीशास्त्रातला दरारा. निवृत्त झाल्यावर माणूस मुलाकडे परदेशी जातो, नाहीतर भाषणं देत फिरतो. हे गेले माणदेशातल्या कुरणवाडीच्या माळावर, वाडवडिलांच्या दर्ग्यात दिवाबत्ती करायला. जाताना एक सूक्ष्मदर्शक आणि पेशी उबेत ठेवायची पेटी तेवढी बरोबर नेली. दर्ग्यामागच्या पत्र्याच्या खोलीत ती पेटी उन्हाच्या विजेवर गुरगुरत असे. गावात कुणी म्हणे बाबा तिच्यात विंचू पाळतात, कुणी म्हणे खुद्द पिराचा श्वास कोंडलाय. प्रयोगशाळांतली मंडळी त्यांना फकीर म्हणत, आणि फकिराने नाक मुरडलेल्या पेशीला हात लावायला सर्जन कचरत.

यशोधराचं घोडं तिथेच अडलं होतं. तिच्या थोरल्या भावाच्या, हेरंबदादाच्या, डोळ्यांचा पडदा मधोमध झिजला होता. दादा घड्याळं दुरुस्त करायचा. आता त्याला तबकडीची कड दिसे, काटे दिसत नसत. यशोधराने त्याच्या दंडाची चिमूटभर चामडी घेतली, तिच्या पेशींमधली झोपलेली चार जनुकं जागी केली, आणि आपण चामडी आहोत याचाच त्या पेशींना विसर पाडला. पेशी पार मागे गेल्या. आईच्या पोटात पहिल्या दिवसांत असतात तशा कोऱ्या झाल्या, सांगाल ते व्हायला तयार. आता त्यांच्यापासून पडद्याचा तुकडा घडवायचा आणि दादाच्या डोळ्यात बसवायचा. सर्जन राजी होता. फक्त म्हणाला, एकदा फकिराला दाखवून या.

म्हणून बाई उबदार डबा मांडीवर घेऊन एसटीने आल्या होत्या.

सरांनी बशी सूक्ष्मदर्शकाखाली धरली. पेशींचे पुंजके गोल गरगरीत, कडा नितळ, एक पेशी ओळ सोडेल तर शपथ. सर म्हणाले, फार देखणं आहे. पण हुंडा नको म्हणणाऱ्या जावयाकडे पूर्वीचे सासरे बघत, तसे ते बशीकडे बघत होते.

मग त्यांनी अट घातली. पेशींना लहानच ठेवणारं औषध त्यांच्या खाद्यातून काढायचं. पुढच्या बाजाराच्या दिवसापर्यंत नुसतं साधं गुलाबी खाद्य द्यायचं, आणि बघायचं. धडधाकट पेशी औषध सुटलं की पसरतात, काही ना काही व्हायला लागतात, पुष्कळशा मरतात. हे यशोधरालाही पाठ होतं.

पण तिला वेगळाच वास आला. सरांना हयातभरात जे जमलं नाही ते शिष्येला जमलं, आणि ते त्यांच्या पचनी पडेना. आपण चहाला वळलो की म्हातारा बशीत काहीतरी कालवणार. ती तडक बाजारात गेली, पितळी कुलूप आणलं, पेटीला ठोकलं आणि किल्ली गळ्यात घातली.

सरांनी कुलूप पाहिलं. म्हणाले, किल्ली सांभाळ.

दर्ग्याच्या आवारात कुलूप लावणं म्हणजे गावाला आमंत्रणच. आधी कुलपावर फुलं आली. मग साखर आली. मग एका बाईची हरवलेली शेळी कुलपाला नवस बोलल्याबरोबर घरी आली म्हणतात, आणि पेटीवर हिरवी चादर चढली. यशोधराला खाद्य बदलायला जायचं तर नवसकऱ्यांना बाजूला सारत जावं लागे. गर्दीतल्या एका आजींनी तिच्याही पायांवर डोकं ठेवलं. तिने ठेवू दिलं.

बशी मात्र तिला सुखाने झोपू देईना.

औषध सुटून दिवस लोटले तरी पुंजके गोलच. कुणी पसरेना, कुणी मरेना. उलट सकाळपर्यंत गुलाबी खाद्य पिवळं पडलेलं असे, इतकी त्यांची भूक. म्हणजे कुणीतरी औषध परत घालतंय! कुलूप पेटीला आहे, खाद्याच्या बाटलीला कुठे आहे? इथेच पाणी मुरतंय. तिने ती बाटली ओतून दिली, स्वतः नवं खाद्य बनवलं, आणि ती बाटली उशाला घेऊन झोपू लागली.

तरी पुंजके गोलच.

आता संशय घ्यायला माणूस उरला नव्हता.

बाजाराच्या दिवशी तिने सरांना बोलावलं. त्यांनी पाहिलं आणि ते स्टुलावर मागे सरकले.

“तू त्यांना मोठं व्हा म्हणालीस…”

“हो.”

“झाल्या?”

ती एकदम बोलू लागली. गुणसूत्रं तपासली होती, एकही खोट नव्हती, निकाल दाखवते म्हणाली.

“कधी तपासलीस?”

“सुरुवातीला.”

“सुरुवातीला,” सर म्हणाले.

मग त्यांनी विचारलं, एका बशीतून दुसऱ्या बशीत लावताना कुठले पुंजके उचलायचीस? तिने सांगितलं. सगळ्यात गोल. सगळ्यात लवकर वाढणारे. जे जराही भरकटत नाहीत ते. दर खेपेला तेच उचलायचे, बाकीचे टाकायचे. सांगता सांगता तिचा आवाज उतरत गेला. दर खेपेला आपण कुणाला निवडत आलो, ते तिचं तिलाच ऐकू यायला लागलं होतं: थांबायचं आणि मरायचं विसरलेल्यांना, शरीरात ज्यांची गाठ होते त्यांना.

सरांनी पिचकारीच्या टोकाने एक पुंजका उचलला, थेंबात घेतला आणि टोक तिच्यापुढे धरलं.

“डोळा उघड.”

यशोधरा मागे सरली. पाठ पत्र्याला लागली.

“दादाचा उघडणार होतीस…”

बाहेर कुणीतरी नारळ फोडला.

तिने सरांच्या हातातली पिचकारी घेतली, बशीत रिकामी केली, वर ब्लीच ओतलं. तेवढ्याने भागेना म्हणून आणखी ओतलं. पुंजके पांढरे पडले. ज्यांना मरण ठाऊक नव्हतं ते तिच्या डोळ्यांदेखत विरून गेले, आणि त्यांच्याबरोबर दादाला दिलेला शब्दही.

बराच वेळ ती कोरड्या हातांनी बशी पुसत राहिली. मग तिने विचारलं, आता दादाला काय सांगू? पुन्हा चामडी कापायची, पुन्हा वर्ष घालवायचं, तोवर तबकडीची कडही जाईल.

सरांनी विचारलं, त्या चामडीतून निघालेलं दुसरं काहीच उरलं नाही?

एक बशी होती. यशोधराला ती सांगायचीही लाज वाटत होती. तिच्या प्रयोगशाळेत मागच्या फळीवर टाकून दिलेली, कधी नीट न वागलेली. निम्म्या पेशी मरायच्या. उरलेल्या वाढता वाढता थबकायच्या, कडेला पसरायच्या, आणि आठवडेच्या आठवडे तशाच ठेवल्या की डाग धरायच्या.

“कसले डाग?”

“काळपट. खरवडून टाकते मी.”

“कसले, विचारलं…”

 कसले ते तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. काळपट रंग धरणाऱ्या त्या पेशी शरीरात कुठे असतात, हे ती विद्यार्थ्यांना फळ्यावर काढून दाखवत आली होती.

“डोळ्याच्या पडद्यामागच्या थराचे, दादाला हवेत तेच,” ती म्हणाली. “पण सर, मी त्यांना अजून तसं सांगितलंच नव्हतं.”

मुजावर सर उठले. दर्ग्यात दिवा लावायची वेळ झाली होती. दारात थांबून ते म्हणाले,

“मग कुणी सांगितलं असेल?…”