जवारीची खोली

“चाचा, समोरच्याला संपवल्याशिवाय माणूस मोठा व्हायचा तरी कसा?”

श्रेणिकनं हे विचारलं तेव्हा दस्तगीर चाचा तंबोऱ्याच्या दांडीवर पॉलिशचा बोळा फिरवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

मी तिथंच बसलो होतो. मी शेटे, तारांचा व्यापारी. मिरजेतल्या या अरुंद गल्लीत तंबोरे करणाऱ्यांची घरं आहेत, आणि दर गुरुवारी माझी तिथं फेरी असते. चहा यायचा होता म्हणून थांबलो. थांबलो नसतो तर बरं झालं असतं, असं अजून वाटतं.

श्रेणिक चौगुले म्हणजे चाचांचाच चेला. सहा वर्षं त्यांच्या मांडीला मांडी लावून भोपळा कापायला, दांडी जोडायला शिकला. मग बाहेर पडला आणि एमआयडीसीत कारखाना टाकला. चाळीस कारागीर. लाकूड त्याचं, खुंट्या त्याच्या, पॉलिश त्याचं, सगळं एका छपराखाली. पठ्ठ्या तारासुद्धा स्वतःच ओढायला लागला. तेव्हा माझं त्याच्याबद्दलचं मत विचारू नका.

आज मात्र तो घोंगडीत गुंडाळलेला एक तंबोरा घेऊन आला होता.

“सव्वाशे तंबोरे परत आलेत, चाचा.” आता त्याचा आवाज खाली आला. “परदेशातला व्यापारी म्हणतो, यात जीव नाही. पंधरा दिवसांत जीव घालून पाठव, नाहीतर पुन्हा तोंड दाखवू नकोस. तो गेला तर माझ्या कारखान्याला कुलूप.”

“मग?”

“मला जवारी शिकवा.”

चाचांचा हात थांबला.

तंबोऱ्याच्या घोडीवर जिथं तार टेकते, ती जागा कानशीनं केसभर घासतात. ती बरोबर जमली की तार नुसती वाजत नाही, गुंजायला लागते. हीच जवारी. ती नसेल तर तंबोरा म्हणजे तारा लावलेला भोपळा.

चाचांनी श्रेणिकला सगळं शिकवलं, जवारी तेवढी नाही. स्वतःचा तंबोरा पुरा झाला की ते तो माडीवरच्या खोलीत नेत आणि दार लावून घेत. दोन-तीन दिवसांनी तो खाली यायचा तो गातच. चाचांचं गुपित त्या खोलीत आहे, असं अख्खी गल्ली म्हणायची. मीही म्हणायचो.

“भोपळ्यांचं काय केलंस रे?” चाचांनी मध्येच विचारलं.

श्रेणिक एकदम खुलला. “तुमच्या कानावर आलं वाटतं! भीमेकाठचं अख्खं पीक उचललं. तुमचे बाजूला काढलेत, काळजी करू नका. पण समोरच्या मकबूलला यंदा एक भोपळा मिळणार नाही. बसला तो!”

मकबूल म्हणजे गल्लीतला दुसरा तंबोरेवाला, त्याचं घर चाचांच्या दारासमोर. हा भोपळा वर्षातून एकदा येतो. तो हुकला की वर्ष हुकलं. धंद्यात ओढाताण चालतेच हो, पण एखाद्याची चूलच विझवायची?

“आता फक्त जवारी राहिली,” श्रेणिक म्हणाला. “तुम्ही कारखान्यात या, चाचा. मग आपल्याला कुणाची गरज नाही.”

“कुणाचीच?”

“कुणाचीच.”

चाचा उठले. बंडीच्या खिशातून किल्ली काढली. “चल.”

मला कुणी बोलावलं नव्हतं. मी गेलोच.

दार उघडलं…

खोली रिकामी होती. ना कानस, ना घोडी, ना लाकडाचा भुसा. एक चटई, एक उशी आणि गल्लीकडची एक खिडकी.

“हत्यारं कुठायत?” श्रेणिकनं विचारलं.

“कसली?”

“जवारीची!”

“मी इथं दुपारचा झोपतो.”

श्रेणिक माझ्याकडं बघायला लागला. मी काय सांगणार, कपाळ? माझंच तोंड उघडं पडलं होतं.

चाचांनी खिडकी उघडली. समोर मकबूलच्या माडीची खिडकी, हात लांब केला तर लागेल एवढ्या अंतरावर.

“पहाटे माझा तंबोरा इथून तिकडं जातो,” चाचा म्हणाले. “त्याचा इकडं येतो. माझी जवारी तो काढतो. त्याची मी काढतो.”

“कुठं काढता?”

“खाली. दुकानात. तुझ्या शेजारी बसून काढायचो की! तू दुरुस्तीला आलेली वाद्यं समजायचास. सहा वर्षांत एकदा विचारलं नाहीस, कुणाची म्हणून.”

“पण तुमचं त्याचं बोलणं नाही!” मी ओरडलोच. अहो, अठरा वर्षं नाही! मकबूलनं चाचांची एक मोठी ऑर्डर पळवली, तेव्हापासून हे दोघं एकमेकांचं गिऱ्हाईक फोडत आलेत. रस्त्यात समोर आले तरी एक जण गटारीच्या कडेनं जातो. गल्लीतल्या पोरासोरांना माहीत आहे हे.

“तंबोरा द्यायचा, तंबोरा घ्यायचा,” चाचा म्हणाले. “त्यात बोलायचं काय, शेटे?”

“पण का?” श्रेणिकचा आवाज चिरकला. “तुम्हाला येते ना जवारी?”

“येते की. पण माझ्या तंबोऱ्यातली खोट मला ऐकू येत नाही. रोज ऐकून ऐकून ती गोडच लागते. त्याला पहिल्या छेडीत ऐकू येते. मी त्याला खपत नाही ना!”

श्रेणिक धावत खाली गेला आणि घोंगडीतला तंबोरा घेऊन आला.

“मग माझी काढा, चाचा. माझा तंबोरा काही तुमचा नाही!”

चाचांनी तंबोरा उभा धरला. डोळे मिटले. चारही तारा छेडल्या. पुन्हा छेडल्या…

मला, तारा विकणाऱ्याला, कळत होतं. आवाज मुका होता. पाटीवर बोट मारावं तसा.

“मला यात काही खोट ऐकू येत नाही,” चाचा म्हणाले.

“खरं?” श्रेणिकचा चेहरा उजळला.

“तुझा हात माझाच आहे, लेका. माझ्याच शेजारी घडला. माझी खोड तीच तुझी खोड. मला कशी ऐकू येईल?”

श्रेणिक पांढराफटक पडला. मग खिडकीशी गेला आणि हाका मारायला लागला.

“मकबूलमियाँ! ओ मकबूलमियाँ!”

पाच मिनिटांपूर्वी हाच ‘बसला तो’ म्हणून हसत होता.

समोरून उत्तर नाही. मी वाकून खाली बघितलं. मकबूलच्या दाराला कुलूप होतं.

“सकाळीच गेला,” चाचा म्हणाले. “बायको-पोरांना घेऊन. हुबळीला, मेहुण्याच्या सोफ्याच्या कारखान्यात. भोपळा नाही म्हटल्यावर इथं बसून करणार काय?”

“अरे देवा…” मी म्हणालो. मला दुसरं काही सुचलं नाही. मग खाली भिंतीला टेकवलेले चाचांचे नवे पाच तंबोरे आठवले. “आणि तुमचे, चाचा?”

“मुकेच राहणार.”

श्रेणिक चटईवर बसला. बसला म्हणजे कोसळलाच. चाळीस कारागिरांचा मालक तो!

“मला माहीत नव्हतं, चाचा. शपथ, मला माहीत नव्हतं.”

चाचांनी उशी उचलली. उशीखाली एक किल्ली होती. जुनी, काळी, दोऱ्यात ओवलेली.

“जाताना खिडकीतून टाकून गेला. अठरा वर्षांत पहिल्यांदा बोलला माझ्याशी.”

“काय बोलला?”

“‘घरात उंदीर होतात, बघा जरा.’”

मला रडू फुटलं. खोटं कशाला सांगू?

चाचांनी ती किल्ली श्रेणिकच्या हातावर ठेवली. श्रेणिक तिच्याकडं नुसता बघत राहिला. हात मिटायचंही त्याला सुचेना.

“आता काय करू मी, चाचा?”

“तुझ्या गोदामातले भोपळे आण.”

“इथं? ट्रक शिरत नाही या गल्लीत.”

“डोक्यावरून आण. भोपळे आले कळलं की तो येईल परत.”

“आणि माझा कारखाना?”

चाचा जिना उतरायला लागले होते. तिसऱ्या पायरीवर थांबले…

“आधी समोरचं घर भर.”