आकडी आणि गिरणीची तार

फार जुनी नाही, गावात विजेचे आणि टेलिफोनचे खांब आले त्या सुमाराची गोष्ट. शेवग्याच्या शेंगा काढायच्या एका लोखंडी आकडीला आपल्या उंचीचा भारी तोरा होता. एका सकाळी द्वारकाबाईंनी पोरांच्या आमटीला शेंगा काढायला तिला उचललं, तशी झाडावरची कावळीण ओरडली, "अगं लंबूताई, वर बघ की! शेंगांमागं तार आहे."

"टेलिफोनची असेल. तू तर रोज तिच्यावर बसतेस, तुला कुठं काय होतं?"

"माझे पाय जमिनीला टेकत नाहीत, बये. तुला धरणारी मात्र ओल्या मातीत अनवाणी उभी आहे! आणि ती तार विजेच्या डीपीवरून निघून थेट पिठाच्या गिरणीत जाते. टेलिफोननं कधी ज्वारी दळलेली पाहिलीस का?"

आकडीला घामच फुटला. तिनं खालच्याच फांदीत आपलं टोक गच्च अडकवून घेतलं. द्वारकाबाईंनी ओढलं, हिसडलं, आणि कुठं अडकली म्हणून वर पाहिलं.

"अगं आई गं, तार!" त्यांनी हात सोडला आणि त्या मागं सरकल्या.

त्या दुपारी आमटी शेंगांविना झाली. पोरांनी नाकं मुरडली, पण आईच्याच हातची खाल्ली.