फ्लॉपीतल्या विहिरी

"मग या डिस्का उघडत का नाहीत?" शलाकाने तिसऱ्यांदा विचारले.

उस्ताद नदाफ फ्लॉपी ड्राइव्हचे तोंड स्पिरिटच्या कापसाने पुसत राहिले.

मिरजेत कुणाचा जुना संगणक बंद पडला की लोक दर्ग्यामागच्या गल्लीत त्यांच्याकडे येत. उस्ताद ही पदवी लोकांनीच दिलेली. शलाकाला ती आता खुपायला लागली होती. तीन दिवस ती खेटे घालत होती, आणि तीन दिवसांत म्हाताऱ्याने डिस्कांना हात लावला नव्हता.

डिस्का तिच्या आईच्या होत्या. आई जत तालुक्यात पायी हिंडून जुन्या विहिरींची माहिती गोळा करायची. खोली किती, झरा कुठल्या अंगाला, उन्हाळ्यात पाणी कुठवर उतरते. फ्लॉपीत जागा थोडी, म्हणून एका प्रोग्रॅमने सगळे दाबून भरलेले. मग पंचवीस वर्षे त्या कपाटात पडून होत्या.

आई दिवाळीत गेली. तिच्या हातचे आता एवढेच उरले होते.

"माझ्या लॅपटॉपला बाहेरून ड्राइव्ह जोडला, तर प्रत्येक डिस्कवर एकच फाइल दिसते. डिस्क भरून. आत काय आहे, काही कळत नाही."

"लॅपटॉप नवा आहे?"

"मागच्याच महिन्यात घेतलाय."

"मग त्याला कसं कळेल…"

शलाकाचा पारा चढला. "चाचा, मी कॉम्प्युटर इंजिनियर आहे. मला कोडी घालू नका. जमत नसेल तर तसं सांगा, मी पुण्याला जाते."

"जमतं की." उस्तादांनी कापूस टाकून दिला. "डिस्का किती आहेत?"

"चार."

उस्तादांनी वरची डिस्क चष्म्याजवळ धरली. लेबलवर आईचे बारीक अक्षर होते : पाचपैकी पहिली.

डिस्क तशीच धरून बसले…

"पाचवी फॉरमॅट झाली," शलाका म्हणाली.

"झाली?"

"केली." तिने मान वळवली. "मशीनने विचारलं, डिस्क वाचता येत नाही, फॉरमॅट करू का. मी घाईत हो म्हटलं."

"किती वेळ चाललं?"

"दीडेक मिनिट."

उस्तादांनी डोळे मिटले. तेवढ्यावरून तिला कळले. खरे तर आधीच कळले होते. झटक्यात उरकलेल्या फॉरमॅटखाली पुष्कळ काही शिल्लक राहते. दीड मिनिट चाललेले फॉरमॅट मागे काही ठेवत नाही.

मग त्यांनी हातातल्या डिस्कच्या कोपऱ्यातली काळी पट्टी नखाने सरकवली. चौकोनी भोक उघडे पडले. त्यातून दारातला उजेड आरपार आला.

"आता हिला वाचता येतं. हिच्यावर लिहिता येत नाही," ते म्हणाले. "तू हे कधी करतेस, ते बघत होतो."

"तीन दिवस?"

"तीन दिवस."

"एका वाक्यात सांगितलं असतंत तर माझे तीन दिवस वाचले असते."

उस्ताद हसले. "वाचले असते. तेही खरंच."

त्यांनी तिला उरलेल्या तिन्ही डिस्कांच्या पट्ट्या सरकवायला लावल्या. प्रत्येकीची नक्कल काढायला लावली. मूळ डिस्का फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवल्या. मग तिच्याच लॅपटॉपवर, एका छोट्या चौकटीत, तीस वर्षांपूर्वीची सिस्टिम चालू केली. काळा पडदा, एक लुकलुकणारी रेघ. माउसही चालेना.

"याला काहीच येत नाही," शलाका पुटपुटली.

"हं…"

त्या चौकटीला आईचा तो दाबून भरणारा जुना प्रोग्रॅम मात्र ओळखीचा निघाला. चार फायलींच्या एकशे चाळीस फायली झाल्या.

आईच्या मशीनवर मराठी फॉन्ट नव्हता. आईने इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिले होते. शलाका अडखळत वाचू लागली.

"पायऱ्या बावीस. झरा ईशान्येला. सखूबाई म्हणतात, चैत्रातही आटत नाही. त्यांनी न जेवता सोडलं नाही. भाकरी जरा करपलेली."

ती थांबली… पुन्हा वाचू लागली.

दुपार कलली. शेवटी यादीची फाइल उघडली. कुठल्या डिस्कवर कुठल्या विहिरी, गावाचे नाव, शेजारी ज्याला विचारायचे त्याचे नाव. पाचव्या डिस्कसमोर अकरा गावे होती.

शलाकाने अकराही नावे वाचली. हळू. एकही न गाळता.

"या माझ्यामुळे गेल्या," ती म्हणाली. "एक बटण दाबायच्या आधी मला धीर धरवला नाही. आईच्या अकरा विहिरी…"

उस्तादांनी लॅपटॉप तिच्याकडे सरकवला. यादी अजून पडद्यावर होती.

"डिस्क फॉरमॅट केलीस, पोरी… विहिरी नाही ना केल्यास?"