बाहेरच्यांची रांग

तिसरीच्या वर्गात बोरकरबाईंनी त्या दिवशी प्रत्येकाला आपल्या घरची गोष्ट सांगायला लावली होती. पहिल्या रांगेतली झुंबर उभी राहून, तिचे वडील ऐरणीवर विळा कसा घडवतात ते सांगत होती. घिसाड्यांची ही पोर. महिन्यापूर्वीच त्यांचं पाल गावाबाहेर पडलं होतं.

तेवढ्यात तपासणीचे साहेब आत आले.

“ही कुठली?”

“फिरस्ती माणसं आहेत, साहेब,” बाई म्हणाल्या.

“मग पुढे कशी? पुढे गावची मुलं बसतील. बाहेरून आलेल्यांनी शेवटच्या रांगेत जायचं!”

बाईंना पेच पडला. साहेबांना उलट बोलावं तर शेरा वाईट पडणार आणि गप्प बसावं तर ही पोर उद्यापासून शाळेत येणार नाही.

झुंबर मुकाट्याने मागे गेली. भिंतीला टेकून, अंग चोरून बसली आणि शेजारची सतरंजी हाताने झटकली.

“या ना, साहेब.”

“मी? तिथे?”

“तुम्ही पण बाहेरून आलाय ना? बाई म्हणाल्या, साहेब लांब लातूरहून येणार.”

साहेबांचा चेहरा लाल झाला. बाई चालत मागे गेल्या आणि झुंबरजवळ उभ्या राहिल्या.

“मीही बाहेरचीच, साहेब. रत्नागिरीची.”

साहेबांनी दोघींकडे पाहिलं. मग खुर्चीवर टेकत हळूच म्हणाले, “पोरी, तू पुढे ये बघू. नाहीतर आम्हा दोघांनाही तिथंच बसावं लागेल.”